कवळीवाल्यांकडे राहिलेलं झाड

ज्यांना ते ठाऊक होते ते त्यांना कवळीवाले म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीवर प्लास्टरच्या धुळीचे इतके थर बसले होते की ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत बाकीचं आयुष्य. आणि त्या बाकीच्याला फारशी जागा लागत नसे.

शहरातले तीन दातांचे डॉक्टर त्यांना काम देत. पेशंटच्या जबड्याचा ठसा पिशवीत घालून पाठवून देत. कवळीवाले त्या ठशात प्लास्टर ओतायचे, घट्ट झालं की पांढराशुभ्र जबडा बाहेर काढायचे, त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचे, मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी, आणि शेवटी मोटरवर पॉलिश. छत्तीस वर्षं हेच. ठसा हातात घेतला की त्यांना कळायचं, हा माणूस डाव्या बाजूने चावतो, ह्या बाईला झोपेत दात खायची सवय आहे. पण ज्यांच्या तोंडात त्यांचं काम बसायचं, त्यांतला एकही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. रस्त्यात कोणी म्हातारं माणूस समोरून हसत आलं की त्यांची नजर आधी दातांवर जायची, आपल्या हातचे तर नव्हेत? मग ते माणूस चपापून तोंड मिटायचं आणि पुढे निघून जायचं.

लग्न राहून गेलं होतं. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या अकरा वर्षांत लग्नाचा विषय दोनदा निघाला, दोनदा मागे पडला, आणि पुढे कोणी काढलाच नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात पॉलिशची मोटर सोडली तर आवाज असा नव्हताच.

नाही म्हणायला वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत. चाळिशी ओलांडलेल्या, पायात कायम रबरी बुटं, चालणं असं की जिना आपणहून खाली सरकतोय असं वाटावं. ड्युटीला जाताना त्या कवळीवाल्यांच्या खिडकीच्या गजांवर बोटाने टकटक करायच्या आणि विचारायच्या, "काय कवळीवाले, आज किती जणांना हसवलंत?"

दोन वर्षांत त्यांचं बोलणं झालं ते एवढंच. कवळीवाल्यांना उत्तर सुचेपर्यंत नर्सबाई फाटकाबाहेर गेलेल्या असत. पण सुचलेलं उत्तर ते वाया जाऊ देत नसत, दुसऱ्या दिवशीसाठी जपून ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या निघून जात.

एका सकाळी टकटक खिडकीवर झाली नाही, दारावर झाली. नर्सबाई एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुंडी घेऊन उभ्या. कुंडीतून हिरवी-पांढरी पट्ट्यापट्ट्यांची लांब पानं चहूबाजूंनी बाहेर लोंबत होती, अंघोळ करून केस न विंचरता आलेल्या माणसासारखी.

"माझ्या बहिणीचे दिवस भरलेत. पंधरा दिवस तिकडे जातेय. तेवढे दिवस हे सांभाळाल?"

"मी?" कवळीवाले गांगरले. "मला झाडातलं काही कळत नाही हो."

"स्पायडर प्लांट आहे. कळण्यासारखं काही नाहीच त्यात. उजेड हवा, ऊन अंगावर नको. पाणी घाला अधूनमधून. तुम्ही दिवसभर घरातच तर असता!"

हे शेवटचं वाक्य त्यांना कुठेतरी लागलं. पण तोवर कुंडी त्यांच्या हातात आली होती आणि रबरी बुटं फाटकापर्यंत पोचली होती.

अधूनमधून म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं. आईला औषध दिवसातून तीनदा लागे, त्या हिशोबाने त्यांनी पाणीही तीनदा घातलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, न चुकता. दहाव्या दिवशी पानं पिवळट पडली आणि बुडाशी मऊ लागायला लागली. कवळीवाल्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. पाच दिवसांनी नर्सबाई येणार, त्यांना दाखवायचं काय? त्यांनी हातातली कवळी तशीच मेणात सोडली, कुंडी पोटाशी धरली आणि बाजारामागच्या रोपवाटिकेत गेले.

तिथल्या माळ्याने कुंडीत एक बोट खुपसलं आणि बाहेर काढून कवळीवाल्यांच्या नाकासमोर धरलं. "वास घ्या."

"कुजकट येतोय."

"मग? बुडवून मारताय की त्याला! पोहायला शिकवत होतात का?" त्याने झाड उलटं करून अलगद मातीतून सोडवलं. खाली पांढरी, जाडजूड, गाठाळ मुळं होती, त्यांतली निम्मी काळी पडलेली. "ही बघा. पाणी ह्यात साठवून ठेवतं हे. चार दिवस विसरलात तरी तुमच्यावर रुसणार नाही. रोज उठून पाजलंत तर मात्र मरेल."

कवळीवाले त्या मुळांकडे बघत राहिले. पांढरी, टोकाला निमुळती. दाढा हिरडीत अशाच उभ्या असतात. कुजलेला भाग कुठे संपतो आणि चांगला कुठे सुरू होतो, हे त्यांना माळ्याच्या आधी दिसलं. त्यांनी खिशातला बारीक चाकू काढला आणि काळा भाग तेवढा नेमका कापून टाकला. माळी बघतच राहिला.

"हात चांगला आहे तुमचा. करता काय?"

"कवळ्या."

"अरे वा! मग आमच्या आईची बघा एकदा, जेवताना टकटक वाजते."

त्यांनी कोरडी माती घेतली, बुडाला भोकं असलेली नवी कुंडी घेतली, आणि माळ्याने सांगितलेलं सगळं पाठ करत घरी आले. बोट दोन पेरं आत घालून बघायचं. माती कोरडी लागली तरच पाणी. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून मग घालायचं, नाहीतर टोकं करपतात. आणि पानांवरची धूळ पुसायची.

धूळ! त्या खोलीत आणखी होतं तरी काय. प्लास्टर घासलं की पांढरा थर सगळ्यांवर बसायचा, कवळीवाल्यांच्या भुवयांवरसुद्धा. झाडाची हिरवी पट्टीही पांढरी दिसायला लागायची. मग रोज काम संपलं की ते ओल्या फडक्याने एकेक पान पुसत. खालून तळहाताचा आधार द्यायचा आणि वरून हलकेच फडकं फिरवायचं, आईचे हात पुसत तसंच. खिडकीत कामाचं टेबल होतं, ते त्यांनी ओढून भिंतीशी नेलं आणि खिडकी झाडाला दिली. स्वतः दिवा लावून काम करायला लागले.

पंधरा दिवस झाले. कवळीवाल्यांनी खिडकीची काच धुतली. झाड सावरलं होतं, मधून दोन कोवळी पानं वर आली होती. बुडवून मारलं होतं आणि वाचवलंही, ही हकिकत कशी सांगायची याची त्यांनी मनाशी जुळवाजुळव केली. आधी हसत सांगायची, की आधी माफी मागून?

सोळाव्या दिवशी फोन आला. बहिणीला मुलगी झाली होती, पण बहिणीची तब्येत नाजूक होती. "अजून महिनाभर तरी," नर्सबाई म्हणाल्या. मागे बाळ टाहो फोडत होतं. "झाड आहे का हो?"

"आहे. म्हणजे, मध्ये जरा..."

"बरं झालं. ठेवते हं, बाळ उठलंय!"

महिन्याचे तीन महिने झाले. मग एक दिवस टेम्पो आला. दोन हमालांनी वरच्या खोलीतलं सामान तासाभरात खाली आणलं. नर्सबाई आल्याच नाहीत. त्यांनी तिकडच्याच एका हॉस्पिटलात नोकरी धरली होती. कवळीवाले कुंडी घेऊन दारात उभे राहिले. एक हमाल म्हणाला, "यादीत नाही ते. कपाट, खाट, मिक्सर, खुर्च्या. झाड नाही लिहिलेलं." टेम्पो गेला.

संध्याकाळी त्यांनीच फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून.

"अगंबाई, राहिलंच का ते?" नर्सबाई म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडेच. नाहीतर कधी इकडे आलात तर घेऊन या, काय!"

फोन ठेवून ते टेबलाशी येऊन बसले. समोर कोणाचा तरी खालचा जबडा होता, दात न बसवलेला. खिडकीवर आता टकटक होणार नव्हती, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला तीन महिने आणि एक टेम्पो लागला.

झाडाला मात्र यातलं काही लागून राहिलं नाही. उन्हाळा आला तशी मधून लांब, पिवळसर दांडी निघाली, खाली झुकली, तिच्यावर बारीक पांढरी फुलं आली, आणि फुलं गळाल्यावर तिथे इवलाली झाडं फुटली. हवेतच लोंबकळणारी पिल्लं. माळ्याने सांगितलं, पिल्लू आईपासून तोडायच्या आधी दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवा, मूळ धरलं की मग कापा. कवळीवाल्यांकडे प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या होत्या. त्यांना भोकं पाडून त्यांनी माती भरली आणि प्रत्येक पिल्लाला एकेक वाटी दिली. पिल्लाने मूळ धरलं की कात्री लावायची. पहिल्यांदा हात धजेना. मग जमायला लागलं.

दिवाळं निघेल एवढ्या वाट्या झाडात गेल्या. टेबलावर, फळीवर, मागच्या खोलीत उशाशी, सगळीकडे पिल्लं. चौदा झाली तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं.

कवळीवाल्यांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. दोघांचं बोलणं ठरलेलं.

"दादा, जेवलास?"

"जेवलो."

"औषध घेतोस ना?"

"घेतो."

"बाकी काय?"

बाकी काही नाही, असं ते दर महिन्याला म्हणत. त्या रविवारी ते म्हणाले, "बाकी, पिल्लं मोठी झाली."

"कसली पिल्लं? मांजर पाळलंस की काय?"

मग ते बोलायला लागले. मुळं कशी असतात, पाणी किती, टोकं का करपतात, कुठल्या पिल्लाला उजेड कमी पडतो म्हणून ते एका अंगाला कसं वाकलंय, सगळं. वीस मिनिटं बोलले असतील. इतकं ते तिच्याशी आईच्या आजारपणातही बोलले नव्हते.

"दादा," बहीण जपून म्हणाली, "तू बरा आहेस ना?"

"बरा आहे की."

"नाही, म्हणजे... सुट्टीत ये ना आमच्याकडे चार दिवस. मुलं विचारतात." मुलं विचारत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"झाडांना पाणी कोण घालेल?" ते म्हणाले. ती हसली नाही. पुढच्या महिन्यात तिने बाकी काय म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी पुन्हा काही नाही म्हणून सांगितलं.

पावसाळा संपता संपता तीन डॉक्टरांपैकी एकाने काम बंद केलं; त्याच्याकडे कॉम्प्युटरवरून दात करून आणायची सोय झाली होती. कवळीवाल्यांच्या हाती रिकामा वेळ आला. त्या रिकाम्या वेळात एक वाक्य त्यांच्या डोक्यात घोळायला लागलं: कधी इकडे आलात तर घेऊन या. बोलणाऱ्याने ते बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. ऐकणाऱ्याने ते निरोप म्हणून घेतलं. ठेव दुसऱ्याची, परत करायला नको?

एका बुधवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मोठी कुंडी जुन्या चादरीत बांधली, एक पिल्लू पिशवीत घेतलं आणि बसमध्ये बसले. तीन तासांचा प्रवास. कुंडी शेजारच्या सीटवर. कंडक्टर आला, कुंडीकडे बघून म्हणाला, "यांचं हाफ काढू का फुल?"

कवळीवाल्यांना चटकन उत्तर सुचलं. "पाच वर्षांच्या आतलं आहे." कंडक्टर मोठ्याने हसला. आपण बोललो आणि समोरचा माणूस अजून समोरच आहे, ह्याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की पुढचा सगळा रस्ता ते खुशीत होते.

टेम्पोवाल्याकडून मिळवलेला पत्ता सापडला. दार नर्सबाईंच्या बहिणीने उघडलं आणि आत हाक मारली. नर्सबाई कडेवर बाळ घेऊन आल्या. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाकडे त्यांनी क्षणभर परक्यासारखं पाहिलं. मग कुंडी दिसली.

"अय्या, कवळीवाले! तुम्ही इकडे कुठे?"

"झाड आणलं. तुम्ही म्हणाला होतात."

"मी?" त्या हसल्या, आणि त्यांना बहुधा आठवलं, कारण हसू जरा वरमलं. "बसा ना, बसा. चहा टाकते. दोनला ड्युटी आहे माझी, पण बसा."

घर छोटं, माणसांनी भरलेलं. खिडकीच्या दोरीवर बाळाची लंगोटं, फरशीवर खुळखुळे. कवळीवाले कुंडी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसले. ठेवायला जागा नव्हती. बाळाने झेप घेऊन एक पान मुठीत पकडलं आणि तोंडाकडे ओढलं.

"हे असं आहे बघा," नर्सबाईंनी मूठ सोडवत म्हटलं. "रांगायला लागलीय, दिसेल ते तोंडात. माती तर आधी. इथे नाही हो ठेवता यायचं."

"नाही, तसं नाही. तुमचं म्हणून आणलं. तुमच्या जिव्हाळ्याचं."

नर्सबाई कपात चहा ओतताना थांबल्या. "खरं सांगू का? माझं नव्हतंच ते. मी खोली घेतली तेव्हा आधीच्या भाडेकरूंचं तिथे राहिलेलं होतं. टाकवेना, म्हणून पाणी घालत होते."

कवळीवाल्यांनी मान हलवली. चहा गरम होता, तो त्यांनी तसाच प्यायला. बुडवून मारल्याची आणि वाचवल्याची गोष्ट सांगायची होती, ती काही त्यांनी काढली नाही. निघताना त्यांनी पिशवीतलं पिल्लू पुढे केलं. नर्सबाईंनी ते मनापासून घेतलं, म्हणाल्या, "किती गोड!" आणि बाळाचा हात पोचू नये म्हणून फ्रिजवर नेऊन ठेवलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर दुसरा होता. त्याने काही विचारलं नाही. कवळीवाले मांडीवरच्या कुंडीवरून खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मनात एकच घोळत होतं, की फ्रिजवर उजेड नाही.

घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी एकाही झाडाचं पान पुसलं नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा पुरेना म्हणून ते चिडले, आणि चिडूनच सात वाट्या उचलून दाराबाहेर जिन्याच्या पायथ्याशी ओळीने मांडल्या. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं: "हवं त्याने न्यावं. माती कोरडी झाल्यावरच पाणी. उजेडात ठेवा." शेवटच्या दोन शब्दांखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दोन गेल्या. मग एक. आठवडाभरात सातही. कोणी नेल्या ते कळलं नाही. मोटर चालू असली की बाहेरचं ऐकू येत नसे. त्यांनी आणखी सात ठेवल्या.

एका सकाळी पुठ्ठ्याखाली घडी घातलेली चिठ्ठी होती. "झाड छान आहे. पण आमचं मांजर पानं खातं. मांजराला काही होणार नाही ना? कळवावे."

कळवावे! कवळीवाल्यांनी चिठ्ठी तीनदा वाचली. उत्तर त्यांना येत नव्हतं. ते कामाच्या कपड्यांतच, भुवयांवर प्लास्टर घेऊन, रोपवाटिकेकडे निघाले. माळी म्हणाला, "विष नाही त्यात. फार खाल्लं तर ओकेल, एवढंच." त्यांनी परत येऊन ते स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली जोडलं, "कुंडी उंच टांगावी."

चिठ्ठी दुपारपर्यंत गेली. चार दिवसांनी दुसरी आली. "टांगली. आता मांजर खाली बसून दिवसभर वर बघतं."

ते एकटेच मोठ्याने हसले. मग आपल्याच हसण्याने दचकून गप्प झाले. पुढे आठवडाभर ते पुठ्ठा उचलून बघत होते, पण तिसरी चिठ्ठी आली नाही. प्रश्न सुटला होता, लिहिण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी काम करताना दार उघडं ठेवायला सुरुवात केली. कोणी वाकून वाटी उचलताना दिसलं तर निदान कुठल्या मजल्यावर जाते ते कळेल.

बरीच माणसं जिन्यावरून गेली-आली. काहींनी आत बघितलं, बहुतेकांनी नाही. एका दुपारी चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत आले, वाट्यांपाशी थांबले, आणि दारातून आत डोकावले.

"इथे कोणी राहतं होय?" ते म्हणाले. "मला वाटायचं, गोडाऊन आहे."

"राहतं."

"किती दिवस झाले?"

"एकोणीस वर्षं."

आजोबांनी हे जरा मनात घोळवलं. त्यांच्या तोंडाकडे कवळीवाल्यांची नजर गेली. वरचे चार दात स्वतःचे होते, बाकी काहीच नव्हतं. "मला चढून दम लागतो," आजोबा म्हणाले. "दोन मिनिटं बसलो तर चालेल?"

कवळीवाल्यांनी मोटर बंद केली आणि स्टुलावरचे जबडे उचलून जागा केली. आजोबा बसले. त्यांचा श्वास मोठ्याने चालला होता. बोलायला तो पुरत नव्हता. कवळीवाले हातातली कवळी फडक्याने पुसत राहिले. पाचेक मिनिटांनी आजोबा उठले, "बरं," म्हणाले, आणि झाड न घेताच वर गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले.